हँडलला बांधलेला दुपट्टा

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या काळ्या बॅगेच्या हँडलला बांधला, तेव्हा मला लाज वाटली होती. खोटं कशाला लिहू? रांगेत आजूबाजूला मिहानमधल्या आयटी कंपन्यांची पोरं होती, गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर चकचकीत पिशव्या. आणि आमच्याकडे लाल काठाचा पांढरा दुपट्टा, कडेला मशीनच्या तेलाचा पिवळा डाग. तो डाग आईने किती वर्षं घासला, पण त्याला तिचा काडीचा धाक नव्हता.

"बाबा, लोक हसतील तिथं."

"हसू दे. पट्ट्यावर साऱ्या ब्यागा काळ्याच येतात म्हणते. तुले तुयी कशी समजन?" बाबांनी गाठ दोनदा ओढून पाहिली. मग बोट उगारून म्हणाले, "मी बांधली, मीच सोडीन. घरी येशीन तवा. तू हात लावू नको वं."

आई मुगवड्यांचा डबा माझ्या हातात कोंबत होती आणि पोचल्यावर फोन कर हे तिसऱ्यांदा सांगत होती. मी दोघांच्या पाया पडले, आत गेले आणि काचेपलीकडून मागे वळून पाहिलं. खांद्यावर दुपट्टा नसलेले बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. उघडे पडल्यासारखे वाटले ते मला.

ती गाठ काय होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबा कामठीच्या एका पॉवरलूम शेडमध्ये मिस्त्री होते. विणकर विणायचे, लूम अडला, धोटा उडाला, ताण्याचे धागे सारखे तुटायला लागले की बाबांना बोलावणं. बोलावणं म्हणजे हाक नव्हे. बत्तीस लूम एकदम चालू असले की तिथे ढोल वाजवला तरी कोणी वळून पाहिलं नसतं. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. शेडमधली माणसं घरीसुद्धा ओरडूनच बोलतात, आणि ती सवय आम्हा पोरांनाही लागते. परदेशात गेल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसमधल्या एकीने मला हळूच विचारलं होतं, तू आमच्यावर चिडली आहेस का?

तर त्या गोंगाटात मिस्त्रीने लूममध्ये हात घालायचा आणि तेवढ्यात पलीकडून कोणी हँडल ओढून लूम चालू केला, तर हात गेला. बाबांच्या उस्तादांची दोन बोटं अशीच गेली होती. तेव्हापासून शेडचा कायदा झाला. आत हात घालण्याआधी मिस्त्रीने स्वतःचा दुपट्टा त्या लूमच्या हँडलला बांधायचा. दुपट्टा असेपर्यंत त्या लूमला कोणी शिवायचं नाही, शेठनेसुद्धा नाही. आणि ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. प्रत्येकाचा दुपट्टा कोणता, हे सगळ्या शेडला पाठ होतं. मी डबा घेऊन जायची तेव्हा बाबांना शोधायची माझी पद्धत सोपी होती. लाल काठ कुठे लटकतोय ते बघायचं. त्या लूमच्या खाली बाबांचे पाय दिसायचे.

शिकले, मिहानमध्ये नोकरी लागली. कामठीहून शेअर ऑटो, मग बस, मग पुन्हा चालणं, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. तिथे मला सर्व्हरचं वेड लागलं. तुमचे फोटो, तिकिटं, बँका, शाळांचे निकाल, हे सगळं कुठेतरी थंड खोल्यांमध्ये रांगेने लावलेल्या मशिनींवर चालतं. कोणतं काम कोणत्या मशीनवर टाकायचं, एखादं बंद पडलं तर त्याचं काम दुसऱ्याकडे कसं सरकवायचं, हे पाहणारं एक सॉफ्टवेअर असतं. मी ज्यावर काम करते ते ओपन सोर्स आहे. त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारून परत द्यावा.

बाबांना हे समजावताना मी घामाघूम झाले होते. ते मात्र शांतपणे म्हणाले, "म्हणजे गल्लीतली बोरिंग. ज्याले समजते थो दुरुस्त करते, पाणी सारे भरते." त्यानंतर मी एवढं सोपं उत्तर कोणत्याच परिषदेत ऐकलं नाही. दुसरी गोष्ट मात्र त्यांना पटेना. "हजार लूम एक माणूस पाहते, अन् तेबी तिथं न जाता? मंग आत कोणाचा हात आहे का नाही, कसं समजते?"

मी हसले होते. म्हटलं, बाबा, त्यात हात नसतात.

ती बोरिंग मीही चार वेळा दुरुस्त केली, म्हणजे फावल्या वेळात कोडमध्ये काही सुधारणा करून पाठवल्या, आणि त्या पाहून फिनलंडमधल्या टांपेरे गावच्या एका कंपनीने मला बोलावलं. गाव पाहिलं तर काय, जुनं कापडगिरण्यांचं! मधोमध पाण्याचा धबधबा, काठाने लाल विटांच्या गिरण्या. गिरण्या कधीच्या बंद. त्यांच्यातल्याच एकीत आमचं ऑफिस. व्हिडिओ कॉलवर मी बाबांना ते दाखवलं. ते उंच खिडक्या बघायला तयार नाहीत, धबधबा बघायला तयार नाहीत. "जमीन दाखव वं. जमीन." मी फोन खाली धरला. लाकडी फळ्यांमध्ये लोखंडी बोल्टांच्या खुणा होत्या, ज्यांच्यावरून मी वर्षभर चालत होते आणि मला दिसल्या नव्हत्या. बाबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "लय जवळजवळ लावले होते लूम. इथल्या बाया आडव्या होऊन चालत असतीन मधून." मग विचारलं, "कुठं गेले गा सारे?" हे मला नव्हतं विचारलेलं.

दीड वर्षाने मी पहिल्यांदा घरी आले. बाबांनी ऑटोतून बॅग उतरवली, गाठ चाचपली आणि दारातच विचारलं, "आली, का भेटाले आली?"

"भेटाले."

त्यांनी मान हलवली आणि बॅग तशीच कपाटावर ठेवली. गाठ सोडली नाही. मी तीन आठवडे राहिले, बॅगेतलं सामान काढलं, भरलं, पण हँडलला कोणी हात लावला नाही. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेलेत त्यांना हा प्रश्न, कायमचे आलात की नुसते भेटायला, वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेलाच असेल, आणि जे घरी राहिलेत त्यांनी तो विचारलाही असेल. त्यात राग नसतो. तेच तर अवघड असतं.

मग माझ्या हातून ती चूक झाली.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या सर्व्हरवर 'दुरुस्ती चालू' अशी खूण लावता येते. खूण असेपर्यंत त्याच्यावर कोणतंही काम टाकलं जात नाही. पण ती खूण आमच्यापैकी कुणालाही काढता यायची. एका सकाळी मी पाहिलं, एक सर्व्हर नऊ दिवस तसाच पडून आहे. खूण मिगेलने लावलेली. मिगेल ब्राझीलचा, आमच्यातला सगळ्यात शांत माणूस. मी मनाशी म्हटलं, विसरला वाटतं. आणि खूण काढून टाकली. सॉफ्टवेअरला वाटलं, मशीन मोकळं झालं. त्याने शहाण्यासारखी डिस्क पुसली आणि नवं काम सुरू केलं.

मिगेल विसरलेला नव्हता. तो त्या बिघडलेल्या डिस्कवरून एका पक्षिमित्र मंडळाच्या नोंदी थोड्याथोड्या करून वाचवत होता. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, गृहिणी अशा लोकांनी पहाटे उठून लिहिलेल्या नोंदी. बऱ्याच त्याने आधीच बाहेर काढल्या होत्या. दोन वर्षांच्या राहिल्या होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

आमच्याकडे सगळं काम चारचौघांत चालतं. मी त्याच सकाळी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की खूण मी काढली, न विचारता काढली. मग गिरणीच्या जिन्यात जाऊन घरी फोन लावला. तिकडे चहाची वेळ होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाठ कोणाची होती?"

"मिगेलची."

"त्याले विचारलं?"

"नाही."

"मंग चुकली तू," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. आमच्या घरात न ओरडता बोललेलं वाक्य मोजून दोन-चारदा ऐकलं असेल मी. मग म्हणाले, "तू तं म्हने, त्यात हात नसतात."

मी जिन्यात बसून रडले. लाल काठाच्या त्या दुपट्ट्याखाली वाढलेली पोर मी, बत्तीस लूमच्या शेडमध्ये ज्या गोष्टीची समज पाचवीत होती ती हजार सर्व्हरांमध्ये विसरले. आणि टांपेरेच्या माझ्या खोलीत कपाटावरच्या बॅगेला ती गाठ तशीच होती, रोज डोळ्यांसमोर.

दुसऱ्या आठवड्यात मी प्रस्ताव मांडला. खूण लावणाऱ्याचं नाव तिच्यावर हवं, आणि ज्याने लावली त्यालाच ती काढता यावी. आमच्या प्रकल्पाची प्रमुख हेलेना, वयाने माझ्या आईएवढी आणि तितकीच न ऐकणारी. तिने एकच प्रश्न केला. तो माणूस आजारी पडला, नोकरी सोडून गेला, तर? मशीन जन्मभर बंद ठेवायचं का? मी पुन्हा जिना गाठला आणि घरी फोन लावला.

बाबा म्हणाले, "झालं होतं नं तसं. मले ताप भरला, शेडमधूनच दवाखान्यात नेलं. दुपट्टा राहिला लूमले. दोन दिवस कोणं हात नाही लावला. मंग रहीमभाई अन् शेठ, दोघायनं मिळून सोडला."

रहीमचाचा म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने विणकर. मी विचारलं, दोघंच कशाला?

"एक जन घाई करते. दोघं असले तं एक पाहते. दोघायनंबी आपल्या डोळ्यानं लूमच्या आत पाहाचं. मंग समोरासमोर उभं राहून हात वर कराचे, दोघायचे चारी. आवाजात बोललेलं कोणाले समजते? चार हात वर दिसले, म्हणजे आत कोणाचाच नाही. मंग सोडाचं."

मी ते जसंच्या तसं लिहून काढलं. बांधणारा नसेल, तर दोघांची संमती लागेल. दोघांनी स्वतंत्रपणे त्या मशीनमध्ये जाऊन पाहायचं आणि काय दिसलं ते एका ओळीत लिहायचं. त्याशिवाय गाठ सुटणार नाही. तीन महिने वाद झाले. काही जण म्हणाले, वेळ जाईल. वेळ जाईल यासाठीच तो नियम होता. शेवटी मिगेलने, ज्याचं नुकसान झालं होतं त्यानेच, पाठिंबा दिला आणि हेलेनाने मान्यता. नाव काय ठेवायचं, तर ती म्हणाली, तुझे वडील काय म्हणतात? म्हणून आज जगात कुठेही कोणी आमचं सॉफ्टवेअर वापरतं आणि मशीन दुरुस्तीला काढतं, तेव्हा रोमन अक्षरांत 'गाठ' असं टाइप करतं. उच्चार ज्याचा त्याचा. मिगेलचा ऐकलात तर तुम्हाला हसू येईल.

मदत करणाऱ्यांच्या नावांची आमच्याकडे एक यादी असते. मी त्यात बाबांचं नाव घातलं, पुढे लिहिलं: लूम मिस्त्री, कामठी. त्याचा फोटो पाठवला. मला वाटलं, बाबा हरखून जातील. त्यांचा लगेच फोन आला, "अन् रहीमचं काहून नाही?" तेही घातलं. तेव्हा कुठे त्यांनी तो फोटो गल्लीभर दाखवला. शेड तोवर बंद झाली होती. लूम कबाडात गेले होते. रहीमचाचा म्हणाले म्हणे, "चलो, कहीं तो चल रही है अपनी मशीन."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं महिनाभराने परत आलं, थोडं जड, पण आवाज तसाच मोठा. मी सुट्टी काढून निघाले. बाबांच्या काळजीबरोबर आणखी एक ओझं होतं. फिनलंडमध्ये कायम राहण्याचा परवाना मला मिळाला होता, आणि मी तो मनापासून मागितला होता. मला तिथलं काम आवडतं, तो धबधबा आवडतो, तिथली माणसं आवडतात. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. ऑटो कामठीच्या रस्त्याला लागला तेव्हा मांडीवरच्या बॅगेची गाठ मी मुठीत धरून बसले होते. पाच वर्षांत ती कडक झाली होती, काठाचा लाल रंग विटला होता. तेलाचा डाग तेवढा होता तिथेच होता.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

"आली, का भेटाले आली?"

मी ऑटोत दहा वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "भेटाले, बाबा. मी तिथंच राहाचं ठरवलं. कागदबी झाले."

आई दारात उभी होती. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. बाबांनी डाव्या हाताने खूण केली, बॅग इकडे आण. मी ती त्यांच्या गुडघ्याला टेकवून उभी केली.

"सोडू."

"बाबा, मी तं परत जाऊन राहिली."

"माहीत आहे मले. बहिरा नाही झालो." त्यांनी दम घेतला. "गाठ कवा बांधते माणूस? हात आत असला तं. पाच वर्षं माया हात आत होता. तुयं कसं होईन, तू कोणासंगं राहाशीन, सारं चाचपत होतो आतल्या आत. आता काहाले? बांधलेल्या लूमवर कापड निघते का वं? तू तं चालू आहेस."

बाबांनी डावा हात गाठीला घातला, पण एका हाताने ती जागची हलेना. थोडा वेळ झटापट करून ते थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "दोघं लागन."

मग अचानक कपाळाला आठी. "असं नाही. कायद्यानं." आणि त्यांनी डावा हात वर केला. मी माझे दोन्ही वर केले. तीन झाले. बाबा चौथ्याची वाट पाहत होते, आणि तो त्यांच्या मांडीवर नुसता पडला होता. मी खाली वाकले, त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि आमच्या दोघांचा मिळून वर केला. हलका नव्हता तो. ज्या हाताने बत्तीस लूम चालते ठेवले, ज्याच्यामुळे मी शिकले, विमानात बसले, त्याचं वजन मी पहिल्यांदा उचललं.

आई दारातून म्हणाली, "हात खाली करा आता. पोलीस आले का?" आणि तीच आधी रडायला लागली.

गाठ आम्ही दोघांनी सोडली. एक टोक बाबांनी धरलं, एक मी ओढलं. बाबांनी दुपट्टा झटकला, आणि मी तो त्यांच्या खांद्यावर टाकला. काचेपलीकडून पाहिले होते ते उघडे बाबा माझ्या डोळ्यांसमोरून तेव्हा कुठे पुसले गेले. महिनाभर राहिले मी. जाताना त्यांनी विमानतळावर यायचा हट्ट धरला नाही; ओसरीतूनच तो डावा हात हलवला.

तुम्ही गेलेले असाल किंवा राहिलेले, एवढंच सांगते. मला वाटायचं घर म्हणजे जिथे गाठ सुटते ती जागा, आणि मी तिथे कायमची कधी पोचणार नाही याची टोचणी मी पाच वर्षं बॅगेबरोबर वाहिली. आता वाटतं, घर म्हणजे ती माणसं, जी हात आत घालण्याआधी स्वतःची खूण बांधतात, आणि वेळ आली की स्वतःच येऊन सोडतात. अशी माणसं मला न मागता मिळाली. या उपकाराची फेड नसते, आणि बाबांना ती नकोच आहे.

हेलसिंकीला उतरले. पट्ट्यावर बॅगा यायला लागल्या, सगळ्या काळ्या. मी सवयीने लाल काठ शोधत उभी राहिले, आणि माझीच बॅग माझ्यासमोरून दोनदा निघून गेली. तिसऱ्या फेरीला ओळखली. सगळं हँडल झिजून पांढरट झालं होतं. जिथे पाच वर्षं बाबांचा दुपट्टा होता, तेवढीच जागा नवीकोरी होती.